निजवलेला नंबर

आप्पा तळघरात पडले त्या दिवसापासून घरातलं बोलणं कुठूनही सुरू झालं तरी एकाच जागी येऊन अडायचं: फोन लागला नाही.

पडले म्हणजे धाडकन पडले नव्हते. तळघरातल्या आपल्या दुरुस्तीच्या दुकानात शिलाई मशीनच्या चाकावर हात ठेवून उभे होते, ते उभ्याउभ्याच भिंतीला टेकून खाली बसले, एखाद्याने दमून बसावं तसे. सुनेला आधी वाटलं, सांडलेला स्क्रू शोधताहेत. मग तिला त्यांचं तोंड दिसलं. तिने फोन लावला. रेंज नव्हती. पुन्हा लावला. तळघराच्या भिंती दगडी, जाडजूड. त्यात घरातले सगळे फोन त्या जुन्या प्लॅनवर, आणि जुन्या प्लॅनचं नेटवर्क कंपनीने हळूहळू आवरायला काढलेलं. शेवटी ती जिना चढून, रस्ता ओलांडून समोरच्या बेकरीत धावली आणि पाववाल्याच्या फोनवरून गाडी बोलावली. डॉक्टर नंतर म्हणाले, वेळेवर आणलंत. त्या वेळेसाठी सुनेने केवढी धाव घेतली होती, ते तिचं तिला माहीत.

आप्पा घरी आले, थोडे सुकले, पण बोलण्यातला तिखटपणा होता तसाच राहिला. ते पाहून सगळ्यांना हायसं वाटलं. आणि मग ताईने रविवारी सगळ्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं.

ताई, म्हणजे थोरली लेक, वेगळी राहायची, पण तिचा नंबर याच प्लॅनवर होता. ती शाळेत भूगोल शिकवायची. त्यामुळे घरातली कुठलीही अडचण ती भिंतीवर नकाशा टांगल्यासारखी समजावून सांगे. आजही तिने टेबलावर मधोमध साखरेचं भांडं ठेवलं.

"हा कंपनीचा टॉवर. हे आपलं घर, हे दुकान. जुना प्लॅन इथवर पोचतो," तिने चमच्याने रेघ ओढली, "आणि इथे मरतो. नवा प्लॅन तळघरात पोचतो. मी स्वतः खाली जाऊन शेजारच्यांच्या फोनवरून बघितलंय. जुना ठेवायचा तर ठेवा म्हणतात, पण रेंज वाढणार नाही, कमीच होत जाणार. नवा घेतला तर चार नंबर बसतात. आपण चार माणसं. इतका सरळ प्रश्न मी सातवीच्या मुलांनासुद्धा घालत नाही."

"दुकानात पन्नास वर्षांची मशीन येते," आप्पा म्हणाले, "तेल घातलं, पट्टा बदलला, की चालू लागते. मी कधी गिऱ्हाइकाला म्हटलं, फेकून दे आणि नवी घे?"

"आप्पा, तुम्ही खाली पडला होतात."

"पडलो नव्हतो. बसलो होतो."

"बसला होतात ते उठत नव्हतात!"

सुनेने मान खाली घालून हसू दाबलं. आप्पांनीही मग हार मानल्यासारखा हात झटकला. "करा काय करायचं ते. मला कुठे कोणाचे फोन येतात."

प्रश्न तिथे मिटलाच होता. ताईने फोन माईपुढे सरकवला. कारण प्लॅन माईच्या नावावर होता. गंमतच होती तशी. घर आप्पांचं, दुकान आप्पांचं, पाटीवर नाव आप्पांचं. पण फोन घ्यायचे ठरले तेव्हा आप्पा म्हणाले होते, हे खूळ तुम्हा बायकांचं, तुमचं तुम्ही बघा. तेव्हा माई एकटी जाऊन कंपनीच्या काउंटरवर सही करून आली होती. एरवी तिच्या सहीला या घरात फक्त पोरांच्या प्रगतिपुस्तकावर जागा मिळाली होती.

"तू नुसतं हो म्हणायचं," ताई म्हणाली. "बाकीचं मी बोलते त्यांच्याशी."

माईने फोन हातात घेतला नाही. टेबलावरचे साखरेचे कण ती बोटाने एका ठिकाणी गोळा करत राहिली.

"जुनाच राहू दे," ती म्हणाली.

ताईला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "काय म्हणालीस?"

"जुना राहू दे. आप्पांना खाली जाऊच द्यायचं नाही, झालं."

"मला जाऊ द्यायचं नाही?" आप्पांचा आवाज चढला. "मग मी करू काय? खिडकीत बसून कबुतरं मोजू?"

"माई, वहिनी तर रोज खाली असते ना? उद्या तिला काही झालं तर? चाकात हात गेला तर? कुणाला हाक मारायची तिने?" ताईने विचारलं. आईचा चेहरा तिला आता नीट दिसला. "तुला कसली भीती वाटते आहे?"

गेल्या तीन आठवड्यांत माईने या क्षणाची मनातल्या मनात इतकी तयारी केली होती, की शब्द तोंडपाठ झाले होते. आता त्यातला एकही आठवेना.

"चार नाहीत," ती म्हणाली. "पाच आहेत. पाचवा नंबर आहे."

पाचवा म्हणजे कोण, हे या घरात विचारावं लागत नव्हतं. धाकटा. सहा वर्षांपूर्वी बायकोला आणि आईबापांना टाकून तो दुसरीबरोबर निघून गेला. रीतसर फारकत झाली. ज्या दिवशी झाली त्या दिवशी सुनेने बॅग भरली होती. जायला माहेर उरलेलं नव्हतं, तरी भरली होती. तेव्हा आप्पा तेलाच्या हातांनी वर आले आणि एवढंच म्हणाले, "उद्या तीन मशिनी द्यायच्यात. माझ्या एकट्याने होणार आहेत का?" ती बॅग मग कोणी उघडली, कधी उघडली, याची चर्चा झाली नाही. सून राहिली. काम शिकली. आता आप्पांपेक्षा तिच्याच हाताला जास्त गिऱ्हाईक यायचं. आणि धाकट्याचं नाव या घरात आप्पांसमोर काढायचं नाही, असं न सांगता ठरून गेलं होतं.

"तो नंबर तर तू बंद करून आली होतीस," आप्पा सावकाश म्हणाले. "मी सांगितलं, त्याच दिवशी."

"गेले होते बंद करायला. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, कायमचा, की तात्पुरता? मी म्हटलं, तात्पुरता." माईने वर पाहिलं नाही. "जुन्या प्लॅनमध्ये तशी सोय आहे. नंबर निजवून ठेवतात. कोणाला देत नाहीत. नव्यात ती सोय नाही. नव्यात गेलो की तो गेला."

"मग त्याच्या नावावर करून टाक," ताई म्हणाली. "घेऊ दे त्याचा त्याला."

"विचारलं मी. निजलेला नंबर दुसऱ्याच्या नावावर जात नाही. आधी चालू करून जागा करावा लागतो. आणि तसा चालू करायचा तर नव्या प्लॅनच्या चारांतली एक जागा त्याला द्यावी लागते."

आप्पांनी खुर्ची मागे सरकवली, पण ते उठले नाहीत. डॉक्टरांनी रागावू नका म्हणून सांगितलं होतं, आणि ते सांगणं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. राग नुसता आत फिरत होता, बाहेर पडायला वाट सापडत नव्हती.

"सहा वर्षं," ते म्हणाले. "सहा वर्षं माझ्या पाठीमागे."

"माझी जागा द्या," सून म्हणाली.

तिने हे इतकं साधेपणाने म्हटलं की आधी कोणाच्या लक्षातच आलं नाही.

"माझा नंबर मी घेऊन बाहेर पडते. दुकानाच्या पाटीवर आहे तोच नंबर राहील, बदलावा लागणार नाही. फक्त प्लॅन वेगळा. त्यात काय एवढं? मी मिळवते आहे. माझ्या नावावर एखादी गोष्ट असायला हरकत नाही."

"तू कुठेही बाहेर पडायचं नाही," आप्पा कडाडले.

"आप्पा, फोनच्या प्लॅनमधून म्हणतेय मी."

"कशातूनही नाही! काढायचा तर माझा काढा. मला कोणाचे फोन येतात?"

"तुमचाच काढायचा तर ही सगळी उठाठेव कोणासाठी चाललीय?" ताईने कपाळाला हात लावला. आत्तापर्यंत ती बापाशी भांडत होती. आता तिची खुर्ची नकळत बापाच्या बाजूला वळली होती. "माई, खरं सांगू? मला तुझा राग आलाय. आप्पा तिथे जमिनीवर बसले होते आणि वहिनी फोन घेऊन जिन्यात नाचत होती. आणि तरी तू जुनाच राहू दे म्हणतेस. का, तर तुला एक बंद पडलेला नंबर जपायचाय. तो तर कधी फिरकलाही नाही. त्याने कधी विचारलं, तुम्ही जिवंत आहात का म्हणून?"

"विचारतो," माई म्हणाली.

"काय?"

"फोन करतो मला. चार वाजता. दोन वर्षं झाली."

आता मात्र आप्पांनी माईकडे पाहिलं. रोज चारला चहा घेऊन ते खाली कामाला जात. बायको तेव्हा गच्चीत कपडे काढायला जाते, इतकंच त्यांना माहीत होतं. सुकलेले कपडे इतका वेळ कसे काय काढले जातात, याचा विचार त्यांनी केला नव्हता. पुरुषाला तो करायचं कारणही नसतं.

"ती बाई त्याला सोडून गेली," माई सांगू लागली, आणि एकदा बांध फुटल्यावर तिचा आवाज उलट शांत झाला. "एका लॉजच्या काउंटरवर बसतो आता. मी सांगितलं त्याला, तुझा नंबर मी ठेवलाय. तर म्हणाला, ठेव माई. परत आलो की तोच चालू करू. म्हणून ठेवला. मला वाटायचं, जोवर तो आहे तोवर… काही पुरतं तुटलेलं नाही."

"आणि बरोबर चारची वेळ कशी कळली त्याला?" ताईने विचारलं. शिक्षकाला खोड असते. उत्तर ऐकलं की ते कुठून आलं तेही विचारायचं. "आप्पांचं खाली जाणं आता आता चारला झालंय. तो होता तेव्हा आप्पा दिवसभर खालीच असायचे."

हे माईच्या कधी मनात आलं नव्हतं. आईच्या एकांताची वेळ लेकाला आपोआप कळते, असंच तिने धरलं होतं. त्याचा तिला मनातून अभिमानही होता.

"मी सांगितली," सून म्हणाली.

समोरच्या बेकरीचं शटर कोणीतरी ओढलं.

"त्याचा फोन दुकानावर आला होता, खाली रेंज यायची तेव्हा. माझ्या नंबरवर. आवाज ओळखला मी. ठेवून देणार होते." तिने हाताच्या बोटांकडे पाहिलं, नखांत तेलाची काळी रेघ होती, रविवारचीसुद्धा. "तो म्हणाला, माई कशी आहे? मी म्हटलं, मला विचारू नकोस, तिलाच विचार. चारला आप्पा खाली असतात, तेव्हा कर. आणि पुन्हा या नंबरवर करू नकोस. त्याने केला नाही."

"तू?" माई म्हणाली. "आणि दोन वर्षं मला बोलली नाहीस?"

"तुम्ही कुठे बोललात?"

यावर माईला हसू आलं की रडू, ते तिचं तिलाच कळलं नाही. गच्चीत ती दबक्या आवाजात बोलायची, जिन्यात पाऊल वाजलं की "हो हो, उद्या या" असं काहीबाही म्हणून फोन बंद करायची. आणि जिच्यापासून सर्वांत जास्त लपवलं, तिनेच तो फोन लावून दिला होता. माईच्या मनात पहिली आली ती कृतज्ञता नव्हे, लाज होती.

"का केलंस, पोरी?" आप्पांचा आवाज खोल गेला. "तुझं त्याने काय केलं ते विसरलीस?"

"विसरले नाही. माझ्यापुरता तो संपला, आप्पा. पण माई रात्रभर कूस बदलायच्या, तो आवाज भिंतीपलीकडे मला यायचा. ते मला बघवत नव्हतं. त्याच्यासाठी नाही केलं काही."

"म्हणजे या घरात मला सोडून सगळ्यांना सगळं ठाऊक."

"मला पण नव्हतं," ताई म्हणाली. "मी तुमच्यातलीच."

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. एवढ्या सगळ्यात त्यांच्या ओठांचा एक कोपरा किंचित हलला, आणि लगेच स्थिर झाला.

माई उठली. पाण्याचा पेला भरला, आप्पांपुढे ठेवला. मग फोन घेतला. सगळ्यांना वाटलं, ती गच्चीत जाणार. ती परत आपल्या खुर्चीत बसली आणि तिथूनच तिने नंबर लावला. आप्पांच्या समोर, दोन हातांच्या अंतरावर.

"माई?" पलीकडून आवाज आला. स्पीकर लावलेला नव्हता, तरी शांततेत हलकासा ऐकू येत होता. बाकीच्यांना शब्द कळत नव्हते, नुसती गुणगुण. "आज तू कसा केलास? काय झालं?"

"काही नाही. सांगायचं होतं. आम्ही प्लॅन बदलतोय. तुझा तो नंबर आता राहणार नाही."

पलीकडे गुणगुण सुरू झाली, भराभर, वर चढत गेलेली. माई ऐकत होती. तो म्हणत होता, तो माझा नंबर आहे, माई. तेवढंच राहिलंय माझं तिथे. कोणाला तरी सांग ना, एक जागा माझ्यासाठी. दुकानातली ती… म्हणजे तिला… तिला काय, ती दुसरा घेऊ शकते.

माईने डोळे मिटले. याच टेबलाशी आत्ता दोघांनी आपापली जागा सोडायची तयारी दाखवली होती, आणि मागणाऱ्याच्या तोंडून 'राहू दे' असं आलं नव्हतं. तिला राग आला नाही. लहानपणीसुद्धा तो असाच होता. शेवटचा तुकडा त्याच्या ताटात पडला तर बाकीचे काय खाणार, हे त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. शिकवायचं कोणी होतं? तिनेच ना?

"तिची जागा तिची आहे," ती म्हणाली. "ती तुला द्यायला मला नाही जमणार. आणि ऐक, बाळा. आप्पा तळघरात पडले होते. तीन आठवडे झाले. फोन लागला नाही म्हणून जीव जायची वेळ आली होती. तुला मी बोलले नाही. आपण तुझंच बोलत राहिलो रोज."

गुणगुण थांबली. पुन्हा सुरू झाली तेव्हा अगदी हळू होती. माईने उत्तर दिलं, "बरे आहेत. समोरच बसलेत."

आणि तिने फोन कानापासून काढून आप्पांच्या दिशेने धरला.

आप्पांनी त्या फोनकडे पाहिलं, जसं ते एखाद्या गंजलेल्या मशीनकडे पाहत, हात घालण्यापूर्वी. हात पुढे झाला नाही. पण ते उठूनही गेले नाहीत. माईने थोडा वेळ वाट पाहिली, हात भरून आल्यावर फोन परत कानाला लावला.

"नाही घेत," ती म्हणाली. "पण ऐकलं त्यांनी. आता तू असं कर, गच्चीतले फोन बंद. चोरून काही नको. तुला यायचं तर घरी ये, दारातून. दार कोण उघडेल ते मला ठाऊक नाही. मी आत असेन एवढं नक्की."

"खाली दुकानात यायचं नाही म्हणावं," सून मध्येच म्हणाली. "वर येऊ दे. तुमचा मुलगा आहे. खाली नाही. ती जागा माझी आहे."

"ऐकलंस?" माईने विचारलं. पलीकडून आलेलं उत्तर तिने कोणाला सांगितलं नाही. फक्त "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

मग ताईने कंपनीचा नंबर लावून दिला. पलीकडची मुलगी तरुण होती, आवाजाने गोड आणि घाईत. तिने चारही नंबर वाचून दाखवले. माईने एकेकाला हो म्हटलं.

"आणि तुमच्या नावावर एक तात्पुरता बंद असलेला नंबर दिसतोय," मुलगी म्हणाली. "नव्या प्लॅनमध्ये तो कायमचा बंद होईल. पुन्हा मिळणार नाही. चालेल ना?"

ताईने आईच्या पाठीवर हात ठेवला. माईला तो काउंटर आठवला, काचेमागचा तो मुलगा, आणि त्याने विचारलेले दोन शब्द. तेव्हा तिने जे उत्तर दिलं होतं, ते चुकीचं होतं असं तिला आजही वाटत नव्हतं. त्या दिवशी तेच बरोबर होतं.

"हो," ती म्हणाली.

"मॅडम, जरा मोठ्याने. कॉल रेकॉर्ड होतोय."

"हो. चालेल. कायमचा."

ताई चहा न घेताच निघाली. जाताना तिने सुनेला दारात मिठी मारली. सून खाली गेली. रविवार असूनही थोड्या वेळाने तळघरातून चाक फिरल्याचा आवाज आला, मग थांबला, मग पुन्हा आला. हातांना काम लागल्याशिवाय तिला निवांत वाटत नसे; ही सवय तिने आप्पांकडूनच उचलली होती.

माई कपडे काढायला गच्चीत गेली आणि लवकर परत आली. आप्पा अजून टेबलाशीच होते. पेल्यातलं पाणी संपलेलं होतं. उजेड कमी झाला होता, तरी दिवा लावायला ते उठले नव्हते. माईने घड्या घालायला घेतल्या. त्यांची बनियन, तिचं लुगडं, सुनेचा तेलाचा डाग न गेलेला अंगरखा. घड्या संपत आल्या तेव्हा आप्पा म्हणाले,

"तो नंबर गेला ना आता?"

"गेला."

"मग हल्ली कुठल्या नंबरवरून बोलतो तो?"

माईचे हात थांबले. तिने नवऱ्याकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते, बोलणं जणू दुसऱ्याच कोणी केलं असावं तसे. नंबर तिला पाठ होता. ती भराभर आकडे सांगत गेली, मध्ये श्वास न घेता, जणू मध्ये थांबली तर ते मन बदलतील.

आप्पांनी शर्टाच्या खिशातून आपला फोन काढला, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला आणि फोन डोळ्यांच्या अगदी जवळ धरला.

"पुन्हा सांग," ते म्हणाले. "सावकाश."